आधी पातळ, मग घट्ट

मे महिन्यात पारा शेहेचाळीसवर टेकला की
अमरावती रोडवरच्या आमच्या प्रयोगशाळेत
कूलरही गरम श्वास सोडतो.
मी पाण्यात कातड्याची पट्टी टांगते,
मिनिटाला दोन अंशांनी उष्णता वाढवते
आणि ती कधी आक्रसते याची वाट बघते.

कच्चं कातडं साठ-बासष्टला अंग चोरतं.
बाभळीच्या सालीत मुरलेलं पंचाहत्तरपर्यंत तग धरतं.
क्रोमचं उकळत्या पाण्यालाही जुमानत नाही,
पण क्रोमने बाबांच्या बोटांच्या पेरांत
ज्वारीच्या दाण्याएवढी भोकं पाडली,
आणि शेडमागचा नाला पंधरा वर्षं
कुठल्याच ऋतूत नसतो अशा हिरव्या-निळ्या रंगाने वाहिला.
म्हणून मी माती निवडली.

चिकणमातीचा कण म्हणजे पानांची चवड.
एकेक पान इतकं पातळ
की केसाच्या जाडीत ऐंशी हजार मावावीत.
कातड्याच्या आत तर सगळा दोरांचाच संसार:
तीन पेडांचा एक वळ, वळांचा तंतू, तंतूंची जुडी.
आजोबा मोटेचा सोंदूर वळायचे तसाच पीळ.
त्या तंतूंच्या फटीत मातीची पानं सरकवायची,
एवढंच काम.
एवढ्याला तीन वर्षं.

पानं सरकत नव्हती.
चवड मोडायचीच नाही, कातड्याच्या तोंडाशीच
दाटीवाटीनं बसून राहायची.
पट्टी ताणली की वर पापुद्रा, आत कोरडं,
आणि यंत्राचा काटा मधेच मान टाकायचा.
पांढरीपांडे सर म्हणाले, दिवाळीपर्यंत आकडे नाही आले
तर विषय बदलून घे.

फाटलेली पट्टी मी घरी नेली, उप्पलवाडीला.
बाबांनी ती कानाशी धरून वाकवली,
नख रोवलं, जिभेला लावली.
थुंका बाबा, म्हटलं, रसायन आहे.
"चाळीस वर्सं काय मी गुलाबजाम चाखत होतो?"
मग पट्टी परत देत म्हणाले,
"इतली घाई काहून करून रायली तू?
कातड्याले तहान असते. पण एकदम घट्ट रस पाजला
त ते वरच्यावर तोंड शिवून घेते, आत उपाशी.
आधी पातळ पाज. जुना, उतरलेला रस.
मंग थोडा घट्ट. मंग घट्ट.
आमच्या हौदायले नंबर काहून होते मंग?"

हौदांना नंबर होते. खडूने लिहिलेले, एक ते सहा.
त्यांच्या काठावर बसून मी पाढे पाठ केले होते
आणि एकदाही विचारलं नव्हतं.

जूनमध्ये नव्याने. पाव टक्का माती, रात्रभर ढवळलेली,
मग अर्धा, मग एक, मग दोन.
शेवटच्या पट्टीने ऐंशी ओलांडले,
ब्याऐंशीला थरथरली,
पंच्याऐंशीला आक्रसली.
पुन्हा केलं. पंच्याऐंशी.
पुन्हा. चौऱ्याऐंशी, पण तेव्हा वीज जाऊन आली होती.

शोधनिबंधात 'पद्धत' या मथळ्याखाली एक वाक्य आहे:
मातीचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आले.
कोणी वाढवलं, कुणाच्या सांगण्यावरून,
ते कर्मणी प्रयोगात बसत नाही.
सर म्हणाले, आभारात टाक ना वडिलांना.
आभार.
जणू त्यांनी माझा डबा पोचवला होता.
निबंध अजून पाठवलेला नाही.

उरलेल्या तुकड्याचा बाबांनी चपलेला आतला तळ लावला.
ऑक्टोबरच्या भर दुपारी ती घालून
पानठेल्यापर्यंत जाऊन आले.
"पायाले जरा थंडच वाटते," म्हणाले.
एका माणसाचं, एका दुपारचं म्हणणं,
त्याला कुणी पुरावा म्हणणार नाही.
तरी मी वही उघडली. तारीख घातली, पारा घातला,
आणि 'निरीक्षक' या रकान्यात, जिथे नेहमी माझी सही असते:
नथ्थू डोमाजी खंडारे, वय अडुसष्ट,
हौद क्रमांक एक ते सहा.